अण्णांचा बार : बडोद्यातल्या एका १९७२ च्या अँबॅसिडरचं पासिंग

हे प्रकरण मालकांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. गाडीखाली जे दिसलं आणि कागदावर जे घडलं, ते तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

दांडिया बाजाराच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या चौकात ही अँबॅसिडर मार्क टू उभी असते. नोंदणी १९७२ ची. मालक सत्तरी ओलांडलेले, मी त्यांना काका म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी घेतली. अण्णांचा मंडप आणि रोषणाईचा धंदा होता. बडोद्यात गणपतीचे दहा दिवस म्हणजे अशा धंद्याचं वर्षभराचं पोट. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी जनरेटर वाहायला दोन चाकांची एक ट्रॉली बनवून घेतली आणि ती ओढायला गाडीच्या मागे टो-बार लावून घेतला. बार कसला, ६५ बाय ६५ चा सहा मिलिमीटर जाड लोखंडी अँगल. तो डिकीखाली आडवा वेल्ड केलेला, त्यातून बंपरखालून बाहेर आलेली मान आणि मानेवर ट्रॉली अडकवायचा ५० मिलिमीटरचा बॉल. पंधरा वर्षं ती ट्रॉली रावपुरा, मांडवी, वाडी असं सगळीकडे फिरली. अण्णा गेल्यावर ट्रॉली गल्लीत पडून राहिली, बार मात्र गाडीलाच राहिला.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात '२१ गन सॅल्यूट'चा जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला. काका तीनही दिवस गेले. परत आले ते एकच गोष्ट मनात घेऊन: आपलीही गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची. त्याच वर्षी गाडीच्या आरसीची पाच वर्षांची मुदतही संपत होती. एक रोजच्या वापराचं पासिंग आणि दुसरी व्हिंटेज नोंदणी. या दोन वेगळ्या गोष्टी काकांच्या डोक्यात एक झाल्या आणि पुढचा बराच घोळ तिथून सुरू झाला.

अडचण

पहिल्या पासिंगला काका एजंटाबरोबर गेले. इन्स्पेक्टर साहेबांनी मागे वाकून पाहिलं, मग बॅटरी घेऊन आडवे झाले. त्यांनी तीन गोष्टी काढल्या. बॉलच्या मानेमागे नंबर प्लेटचा एक आकडा झाकला जात होता. बार बंपरच्या बाहेर आलेला होता आणि त्याचा आरसीत कुठे उल्लेख नव्हता. ट्रॉलीच्या सॉकेटसाठी मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून पीळ मारून जोडलेल्या होत्या, त्यामुळे ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद व्हायचा.

"काका, हा बार कशाला?"

"वडिलांनी लावलाय."

"मग काढून आणा, नाहीतर नीट करून आणा."

साहेबांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा अर्थ कडक लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये, परवानगी नसलेला भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाडीच्या पुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हापासून बाहेर आलेल्या कुठल्याही लोखंडाकडे आरटीओची नजर जाते. मागचा टो-बार आणि पुढचा गार्ड या वेगळ्या वस्तू आहेत. पण रस्त्यावरच्या माणसाच्या नडगीला आणि मागून धडकणाऱ्या स्कूटरला दोन्ही सारख्याच लागतात.

एजंटाने सोपा उपाय सुचवला: मान कापा, बॉल गेला की नंबर दिसेल. काकांनी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून ग्राइंडरने मान उडवली. दोन धारदार खुंट उरले, आडवा अँगल तसाच राहिला आणि उडालेल्या ठिणग्यांनी खालचा रंग फुगला. दुसऱ्या खेपेला त्या जळलेल्या जागेमुळेच साहेबांचं लक्ष अँगलच्या जोडाकडे गेलं. "इथे पत्रा फाटलाय असं वाटतं," एवढं म्हणून त्यांनी गाडी परत पाठवली. त्या संध्याकाळी काकांचा मला फोन आला. मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात बत्तीस वर्षं काढली, वेल्डिंगचे जोड तपासणं हेच माझं काम.

गाडीखाली काय दिसलं

अँबॅसिडरला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे अंगाखालचा लोखंडी सांगाडा, नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. तिचं अंगच तिची चासी आहे. पत्रा वाकवून केलेले पोकळ बॉक्स डिकीखालून मागे जातात आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकल, म्हणजे टोकाच्या कड्या, त्यांनाच धरतात. अण्णांच्या वेल्डरने सहा मिलिमीटरचा अँगल या पातळ बॉक्सच्या पोटाला सरळ शिवला होता. जाड लोखंड आणि पातळ पत्रा एकत्र वेल्ड केला की पत्राच जळतो. पुढे ओढ आली की जाड भाग हलत नाही, सगळा मुरडा जोडाच्या काठच्या पत्र्याला सोसावा लागतो.

गाडी चार स्टँडवर घेतली. डावीकडे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर पापुद्रे पडायला लागले. अँगल आणि बॉक्स यांच्या फटीत तीस पावसाळ्यांचं पाणी आणि माती साचलेली होती. उजवीकडची जागा वरून ठणठणीत दिसत होती, म्हणून तिथे डाय पेनिट्रंट, म्हणजे डोळ्याला न दिसणारी चीर दाखवणारा रंग, मारलं. लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि वर पांढरी पावडर फवारायची. कारखान्यात हजारदा केलेलं काम. पण त्या पांढऱ्यावर हळूहळू केसाएवढी लाल रेघ उमटली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. चाळीस मिलिमीटरची चीर, आणि शॅकलच्या बोल्टपासून फक्त अकरा सेंटीमीटरवर. काका शेजारी उकिडवे बसले होते. "यातूनच अण्णा आम्हाला सगळ्यांना घेऊन जायचे," एवढंच म्हणाले.

मग मी हिशेब मांडला. ट्रॉलीचा दांडा वीट ठेवून बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवला, भार आला ६२ किलो. बॉल मागच्या ॲक्सलच्या साधारण १.२ मीटर मागे होता आणि अँबॅसिडरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४६४ मिलिमीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरचं सुमारे ३० किलो वजन उचललं जायचं आणि मागच्या पाट्यांवर ९२ किलोची भर पडायची. ट्रॉली आणि जनरेटर मिळून साधारण ५४० किलो, गाडी सुमारे ११०० किलो. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरला गाडीच्या वजनाच्या निम्मी किंवा ७५० किलो, यात जी कमी असेल ती मर्यादा आहे. अण्णांची ट्रॉली त्या हिशेबाने अगदी काठावर होती, तीही चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या आणि ब्रेकला बूस्टर नसलेल्या गाडीमागे. जोडणीला किती ओढ सोसायला हवी ते काढायच्या सूत्रात ट्रॉली आणि गाडी यांची वजनं टाकली की साडेतीन किलोन्यूटन येतात, म्हणजे ३६० किलोची ओढ. ती दर खड्ड्याला, दर ब्रेकला त्या पातळ पत्र्यावर यायची.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय, खुंट घासून साफ करायचे, वर रंग मारायचा आणि तिसऱ्यांदा नशीब आजमावायचं. एजंटाचा आग्रह याचाच होता. चीर पाहिल्यावर यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

दुसरा पर्याय काकांच्या लेस्टरमधल्या पुतण्याने फोनवर सुचवला. "काका, इकडे चाळीस वर्षांवरच्या गाडीला तपासणीच लागत नाही. आणि जुन्या गाडीच्या टो-बारला मान्यतेचा शिक्काही लागत नाही." त्याची माहिती खोटी नव्हती, अर्धी होती. ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची, म्हणजे तिथल्या वार्षिक तपासणीची, सूट आहे, पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. सूट मिळाली तरी गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते. प्रमाणित टो-बारची सक्ती तिथे १ ऑगस्ट १९९८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या गाड्यांना आहे, हेही खरं. पण एमओटीला नेलेल्या गाडीला बार असेल तर तो तपासला जातोच, आणि पाट्यांच्या माउंटिंगपासून ३० सेंटीमीटरच्या आतला गंज तिथे गंभीर धरतात. आमची चीर अकरा सेंटीमीटरवर होती. त्या देशातही गाडी नापास झाली असती. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने ते चटकन मान्य केलं आणि पुढे त्याची मदतच झाली.

तिसरा पर्याय, बार रीतसर करून घ्यायचा. नवा, बोल्टने बसणारा, प्रमाणित बार लावून आरटीओची परवानगी मागायची. काकांचा जीव यात होता, कारण अण्णांची खूण राहिली असती. पण अँबॅसिडरसाठी प्रमाणित किट आम्हाला कुठे मिळालं नाही. आणखी एक गोष्ट होती, ती ट्रॉली कधी नोंदलेलीच नव्हती. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. कलम ६१ प्रमाणे त्याची वेगळी नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे लावावा लागतो. बार कायदेशीर झाला असता तरी त्यामागे जोडायला कायदेशीर काही नव्हतं.

चौथा पर्याय, सगळं काढायचं, पत्रा दुरुस्त करायचा आणि गाडी १९७२ ची करायची. व्हिंटेज नोंदणीची वाटही इथूनच जात होती. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडीच व्हिंटेज धरतात. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. बॉडी शेलला वेल्ड केलेला अँगल म्हणजे उघडउघड फेरफार.

निर्णय आणि काम

चौथा पर्याय ठरला. एक शंका मात्र मला छळत होती. कुजलेला पत्रा कापून नवा लावला तर तोच फेरफार ठरणार नाही ना? माझं मत असं झालं की त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा त्याच जागी लावणं ही दुरुस्ती आहे. पण ते माझं मत. तपासणाऱ्याला ते पटायचं तर पुरावा हवा. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले, चौकटीत स्टीलची टेप धरून.

मूळ रूपाचा पुरावा काकूंच्या ट्रंकेत सापडला. कोणाच्या तरी मुंजीनंतर काढलेला फोटो: सूरसागर तळ्याच्या कठड्याशी गाडी उभी, मागचा बंपर स्वच्छ, खाली काही लोंबत नाही. मागच्या तळ्यात आता दिसते ती शंकराची मूर्तीही नाही, म्हणजे फोटो किती जुना ते बडोद्यातल्या कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

कामाला नऊ दिवस लागले. बॅटरी सोडली. पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवली आणि वाड्याबाहेर नेऊन ठेवली, त्याशिवाय मी मिस्त्रीला ग्राइंडर हातात घेऊ दिला नाही. पहिल्या वेल्डरने टाकी जागेवर असताना ठिणग्या उडवल्या होत्या, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. एक मिलिमीटरच्या चकतीने अँगल कापला, तोही वेल्डचा मणी पत्र्यावर ठेवूनच. मग मणी हळूहळू घासून काढला, म्हणजे खालचा पत्रा खात नाही. डावीकडे १८ बाय ९ सेंटीमीटरचा कुजलेला तुकडा कापून त्याच जाडीचा नवा बसवला. सीओटू वेल्डिंगचे छोटे टाके, एक इकडे एक तिकडे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. उजवीकडची चीर टोकाला भोक पाडून थांबवली, मग भरली. पुन्हा डाय पेनिट्रंट मारलं. पांढरं पांढरंच राहिलं. आतून झिंक प्रायमर आणि मेण, बाहेरून रंग. सॉकेट काढून टाकला आणि मागच्या सगळ्या वायरी नव्याने डाग देऊन जोडल्या. एकूण खर्च १४,५०० रुपये.

निकाल

गाडी तयार झाल्यावर काका व्हिंटेजचा अर्ज घेऊन आले. २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर कायम. इथपर्यंत ते खूश होते. मग आम्ही वापराचं कलम मोठ्याने वाचलं. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं आणि दुरुस्ती. एवढ्याचसाठी गाडी रस्त्यावर काढता येते. रोजचा वापर नाही, भाड्याने देणं नाही.

"म्हणजे नातीच्या लग्नात ही गाडी नाही?"

"नियमाने नाही."

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चौकात उभी करून हळदकुंकू वाहायला अण्णांनी घेतली नव्हती ही." अर्ज त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि साध्या नूतनीकरणाला गेले. तिसऱ्या खेपेला साहेबांनी फाइल पाहिली, गाडीखाली जाऊन आले, नवा तुकडा बोटाने ठोकून पाहिला आणि पाच वर्षांची मुदत दिली. तेव्हा फी ५,००० रुपये होती, वर दोन महिन्यांच्या उशिराचे हजार. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला हीच फी १०,००० झाली आहे. डिसेंबरात नात त्याच गाडीतून सासरी गेली. जनरेटर विकला, ट्रॉली भंगारात गेली.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी काकांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: गाडी तुम्हाला चालवायची आहे की मांडायची आहे? आम्ही तो प्रश्न शेवटी विचारला. चिरीमुळे काम तर करावंच लागलं असतं, ते वाया गेलं नाही. पण दोन महिने ज्या अर्जाच्या मागे लागलो, तो काकांना नकोच होता.

मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्या साठ दिवसांच्या पहिल्या आठवड्यात गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली असती तर दोन फेऱ्या आणि उशिराची फी वाचली असती. नुसती मान कापायचा निर्णय सर्वांत महाग पडला. त्याने दोष गेला नाही, झाकलाही गेला नाही आणि टाकीजवळ आग लागायची वेळ आली.

माझ्याकडूनही एक चूक झाली. अँगल कापण्याआधी मागच्या शॅकलपासून पुढच्या माउंटिंगपर्यंतचे दोन्ही कर्ण मी मोजले नाहीत. काम झाल्यावर मोजले तर चार मिलिमीटरचा फरक निघाला. तो आधीचा की आमच्या वेल्डिंगने ओढलेला, हे आता कळायला मार्ग नाही. गाडी सरळ चालते, टायर सारखे झिजतात, तरी ती मोजणी आधी व्हायला हवी होती.

ज्याला जुन्या गाडीने खरंच काही ओढायचं आहे त्याने शक्यतो वेगळ्या चासीची गाडी घ्यावी. जुन्या जीपला मागे हुक असायचा, कारण तिच्या चासीला ती ओढ सोसते. अंगच चासी असलेल्या गाडीला बार लावणं भाग असेल तर तो वेल्ड करू नये. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटरच्या पट्ट्या, बॉक्सच्या आत नळीचे तुकडे म्हणजे बोल्ट आवळताना पत्रा चेपत नाही, आणि काम नसताना निघणारी मान. त्याआधी आरटीओचं म्हणणं लेखी घ्यावं आणि ट्रेलरची नोंदणी करून घ्यावी. हे सगळं जमत नसेल तर दिवसाच्या भाड्याने पिकअप आणावी, काकांचा मुलगा आता तेच करतो.

पुढचं पासिंग २०२८ मध्ये आहे. व्हिंटेजचा विचार तेव्हा पुन्हा करू असं काका म्हणतात. तोवर दर दिवाळीच्या आधी गाडी स्टँडवर घेऊन डावा तुकडा आणि उजवी शिवण बघायचं मी कबूल केलं आहे. कापलेला अँगल काकांनी भंगारात जाऊ दिला नाही. घासून, तेल लावून तो चौकातल्या भिंतीला दोन खिळ्यांवर टेकवून ठेवला आहे.